‘नो कार्ब’ डब्यात साबुदाण्याची खिचडी? आणि मग कापूस का पचत नाही?

डबेवाली (कोपरखैरणे)

नमस्कार मंडळी. मी कोपरखैरण्यात घरगुती डबे देते. गिऱ्हाईक बहुतेक महापे-रबाळ्याच्या कंपन्यांमधलं. हल्ली एक नवीन खूळ निघालंय : "काकू, उद्यापासून नो कार्ब." माझं काय जातंय, पोळी-भात काढला, उसळ वाढवली, पनीर नाहीतर अंडी घातली, दर थोडा वाढवला. पण काल त्यातल्याच एका पोराचा मेसेज आला, "काकू, तेच तेच खाऊन कंटाळलो. उद्या पोळीऐवजी साबुदाण्याची खिचडी द्या ना, उपासाची, हलकी असते." मी बरं म्हटलं आणि रात्री साबुदाणा भिजत घातला.

माझी लेक अकरावी सायन्सला आहे. तिने मेसेज वाचला आणि पोट धरून हसत सुटली. म्हणे, आई, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यापेक्षा पोळी परवडली. मी वैतागून म्हटलं, मग आता काय कापूस देऊ डब्यात? तर म्हणते, कापूससुद्धा कार्बच! आणि पुस्तक आणून पुढ्यात ठेवलं. त्यात खरंच लिहिलंय : स्टार्च ही ग्लुकोजची लांब साखळी, सेल्युलोज हीसुद्धा ग्लुकोजची लांब साखळी. आणि कापूस म्हणजे जवळजवळ सगळं सेल्युलोजच.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. दोन्ही ग्लुकोजचेच, तर एक खाल्ल्यावर रक्तातली साखर चढते आणि दुसरा जसा गेला तसा बाहेर पडतो, हे कसं? लेक म्हणते "अल्फा आणि बीटा", पण त्याच्यापुढे तिलाही सांगता येईना. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात म्हणे. इथे कुणी जाणकार असेल तर आम्हा दोघींना कळेल असं सांगा. आणि खिचडीचं काय करू तेही सांगा, साबुदाणा फुगून बसलाय.

घोडबंदरकर

काकू, साबुदाणा अजिबात देऊ नका. कार्ब म्हणजे साखर आणि साखर म्हणजे विष, एवढं लक्षात ठेवलं की झालं. मी गहू-तांदूळ सोडला आणि पहिल्याच आठवड्यात पँट सैल झाली. गोड खावंसं वाटलं तर गूळ किंवा मध घ्यायचा, तो नैसर्गिक असतो, शरीराला कळतो. बाकी ते अल्फा-बीटा परीक्षेपुरतं.

जुनी परीक्षानळी (नौपाडा, ठाणे)

ताई, आधी गिऱ्हाइकाचं मिटवू. साबुदाणा हा आपल्या स्वयंपाकघरातला सगळ्यात निव्वळ कार्ब आहे, त्याच्या पुढे फक्त साखरेचा डबा. तामिळनाडूत सेलमच्या बाजूला टॅपिओकाची मुळं सोलून वाटतात, पाण्यात धुतात, खाली बसलेला पांढरा साका गोळा करून त्याचे मणी करतात आणि ते भाजून-वाळवून पोत्यात भरतात. तेच पोतं तुमच्या वाशीच्या दाणाबंदरात येतं. धुण्यातच चोथा आणि प्रथिनं निघून गेली, उरला तो स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमभरही नाहीत. तेवढ्याच कणकेत निदान दहा-एक ग्रॅम प्रथिनं आणि वर कोंडा. म्हणजे पोळी सोडून खिचडी मागणारा तुमचा माणूस आगीतून निघून फुफाट्यात चाललाय. दाण्याचं कूट सढळ हाताने घाला, तेवढंच त्यातल्या त्यात बरं. त्यातल्या तेलाने आणि प्रथिनांनी पोट सावकाश रिकामं होतं आणि साखर एकदम उसळत नाही.

आता कन्येचा प्रश्न. तो खरा प्रश्न आहे आणि "अल्फा-बीटा" हे त्याचं उत्तर नव्हे, उत्तराचं शीर्षक आहे. मी आयुष्यभर अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल.

ग्लुकोजमध्ये सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. फळातल्या फ्रुक्टोजचं सूत्र तेच, दुधातल्या साखरेतून निघणाऱ्या गॅलॅक्टोजचंही तेच. फरक मांडणीत. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांत तर चौथ्या कार्बनवरचा एक हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) इकडचा तिकडे, बस्स. अशा सोळा शक्यतांमधून ग्लुकोज नेमकं कोणतं, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरने १८९१ साली निव्वळ परीक्षानळीतल्या अभिक्रिया आणि कागदावरचा तर्क यांच्या जोरावर ठरवलं. तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. १९०२ चं नोबेल त्याला मिळालं. शिकवताना मी दरवर्षी इथे रेंगाळायचो आणि दरवर्षी पोर्शन मागे पडायचा.

पुस्तकात ग्लुकोज उभ्या काठीसारखं काढतात. पाण्यात ते तसं जवळजवळ नसतंच. पाचव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल वळून पहिल्या कार्बनला येऊन मिळतो आणि सहा कोनांचं कडं बनतं : पाच कार्बन, एक ऑक्सिजन, आणि सहावा कार्बन कड्याबाहेर. कडं बंद होताना पहिल्या कार्बनवर नवा हायड्रॉक्सिल तयार होतो. चित्रात तो कड्याच्या खाली आला तर अल्फा, वर आला तर बीटा. पाण्यात दोन्ही नांदतात आणि सारखे एकमेकांत बदलतात, साधारण एक भाग अल्फा तर दोन भाग बीटा. पण याच पहिल्या कार्बनने शेजारच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनशी जोड केला की अदलाबदल संपली. अल्फा असताना जोडला गेला तो अल्फाच राहिला.

सगळे जोड अल्फा असतील तर प्रत्येक कडं आधीच्या कड्याशी थोडा कोन करून बसतं आणि साखळी आपोआप वळत जाते; साधारण सहा ग्लुकोजना एक वेढा. हा झाला स्टार्चमधला अमायलोज. जोड बीटा असतील तर साखळी सरळ राहण्यासाठी दर दुसऱ्या ग्लुकोजला उलटं व्हावं लागतं. वर्गात मी पोरांना हात धरून रांगेत उभं करायचो, एक फळ्याकडे तोंड करून, पुढचा पाठ करून, परत एक फळ्याकडे. अशी रांग ताठ राहते आणि तिला लगटून दुसरी रांगही उभी करता येते. सेल्युलोजमध्ये हेच होतं. हजारो ग्लुकोजच्या सरळ साखळ्या शेजारी शेजारी, आणि त्यांच्यामध्ये हायड्रोजन बंधांची शिवण. पाण्याला आत शिरायला फट नाही. म्हणून कापूस भिजतो पण विरघळत नाही, आणि ठाण्याच्या खाडीतली तिवरं भरती-ओहोटीचं खारं पाणी अंगावर घेत उभी राहतात. (लाकडात लिग्निनही असतं, पण तो विषय वेगळा.)

पचनाचं उत्तर इथेच दडलंय. लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम, अल्फा जोडाभोवती बसेल अशा आकाराचं आहे. बीटा जोडाची सरळ, घट्ट शिवलेली साखळी त्याच्या खाचेत बसत नाही. ती तोडणारं एन्झाइम आपल्या जनुकांत नाहीच. गाईतही नाही, तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे ते असतं आणि गाय त्यांच्या जिवावर कडबा खाते. पण म्हणून "बीटा म्हणजे पचत नाही" असं पाठ करू नकोस, बाळ. दुधातली लॅक्टोज गॅलॅक्टोज आणि ग्लुकोजच्या बीटा जोडानेच बनते आणि तान्हं मूल ती व्यवस्थित पचवतं, कारण त्या जोडासाठी लॅक्टेज नावाचं वेगळं एन्झाइम आहे. मोठेपणी ज्यांच्या आतड्यात ते कमी होतं त्यांना दुधाने पोट फुगतं. तेव्हा प्रश्न जोड वाईट की चांगला हा नाही. त्या जोडाची कात्री आपल्याकडे आहे का, हा आहे.

आता हे डोळ्यांनी बघा. ताई, सुती साडीला साबुदाण्याची खळ करायची आपल्याकडे जुनी रीत आहे. फुगलेल्या साबुदाण्यातला मूठभर घ्या, भरपूर पाण्यात उकळून पातळ पेज करा. धुऊन धुऊन मऊ झालेल्या पांढऱ्या सुती पंच्याचे दोन तुकडे घ्या (नवा कपडा नको, त्याला गिरणीतलीच खळ असते). एक पेजेत बुडवून वाळवा, दुसरा कोराच ठेवा. जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन औषधाच्या दुकानात मिळतं, ते फिकट चहाच्या रंगाचं होईपर्यंत पाण्यात पातळ करा आणि दोन्ही तुकड्यांवर एकेक थेंब सोडा. खळीचा तुकडा क्षणात निळा-काळा होतो. कोरा तुकडा पिवळट-तपकिरीच राहतो. एकाच कापडात ग्लुकोज दोन तऱ्हांनी आहे : धागा बीटाचा, खळ अल्फाची. आयोडीन अल्फाच्या वेढ्यांच्या पोकळीत जाऊन बसतं म्हणून निळा रंग. सरळ साखळीत बसायला पोकळीच नाही.

उरलेल्या पेजेतही थेंबभर आयोडीन टाका आणि ती गॅसवर तापवा. रंग उडतो, कारण उष्णतेने वेढे सैल पडतात आणि आयोडीन निसटतं. थंड होऊ द्या, निळा परत येतो. मात्र फार उकळू नका, आयोडीनची वाफ होऊन गेलं तर रंग परतणार नाही. ओट्यावर डाग पडला तर लिंबू चोळा, त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग घालवतं. आणि ही पेज डब्यात जाणार नाही एवढं बघा.

घोडबंदरकर, तुमच्या पँटचं. शरीरही ग्लुकोज साठवतं, ग्लायकोजेनच्या रूपात. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ३०० ते ४०० ग्रॅम. सुटं ग्लुकोज का ठेवत नाही? कारण एवढे सुटे रेणू पेशीत कोंबले तर त्यांच्यामागोमाग पाणी आत घुसून पेशी फुटायची. हजारो ग्लुकोज जोडून एक रेणू केला की पाण्याच्या दृष्टीने तो एकच. ग्लायकोजेनचेही जोड अल्फाच, पण दर ८ ते १२ ग्लुकोजनंतर एक फांदी. स्टार्चमधल्या अमायलोपेक्टिनलाही फांद्या असतात, पण २४ ते ३० ग्लुकोजनंतर. एन्झाइम टोकाकडून ग्लुकोज तोडत येतं, म्हणून जितक्या फांद्या तितकी टोकं आणि तितका उपसा जलद. कंदाला कोंब फुटेपर्यंत वेळ असतो, आपल्याला लोकलमागे धावायचं असतं. तर मुद्दा असा, की एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. कार्ब बंद केलं की पहिले काही दिवस हा साठा संपतो आणि त्याचं पाणी निघून जातं. पँट सैल झाली ती बरीचशी त्या पाण्याने. आणि एक, स्नायूंतलं ग्लायकोजेन त्या स्नायूंच्याच कामी येतं, ते रक्तात ग्लुकोज सोडू शकत नाहीत. उपाशीपोटी रक्तातली साखर राखतं ते यकृत.

गुळाबद्दल : तो बहुतांशी सुक्रोजच, म्हणजे साखर, सोबत थोडं सुटं ग्लुकोज-फ्रुक्टोज आणि थोडे क्षार. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटेच असतात, त्यामुळे तोडायचंही काम नाही. आतड्याला गूळ "कळत" नाही. तिथून रक्तात शोषलं जाईपर्यंत सगळ्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेलं असतं. मला स्वतःला गूळपोळी प्राणाहून प्रिय आहे, ती मी गोड म्हणून खातो, औषध म्हणून नाही.

डबेवाली (कोपरखैरणे)

सर, तुमचं दोनदा वाचलं, लेकीने तर वहीत उतरवून घेतलं. पंच्याचा प्रयोगही केला. खळीच्या तुकड्यावर थेंब पडताक्षणी जांभळट काळा डाग, आणि दुसऱ्यावर हळदीच्या बोटासारखा पिवळा. सासूबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, चांगला पंचा फाडलास. खिचडी त्या मुलाला दिली, कूट दुप्पट आणि सोबत काकडीची कोशिंबीर, वर चिठ्ठी लावली की हे नो कार्ब नाही.

अजून एक विचारते. दुसरी एक मुलगी सांगते, भात करून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की त्यातलं कार्ब कमी होतं, तसाच द्या. हे खरं की नुसतं मोबाइलवरचं?

जुनी परीक्षानळी (नौपाडा, ठाणे)

अर्धं खरं आहे. भात शिजतो तेव्हा तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, साखळ्या मोकळ्या होतात आणि अमायलेजला सगळीकडे तोंड घालता येतं. भात गार झाला की त्यातल्या काही साखळ्या, विशेषतः अमायलोजच्या, पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट होतात. शिळा भात कडक लागतो तो यामुळे, पोळी दुसऱ्या दिवशी वातड होते तीही बरीचशी यामुळेच. हा घट्ट झालेला भाग लहान आतड्यात नीट पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन तिथल्या जिवाणूंचं खाद्य होतो. परत गरम केलं तरी सगळा पूर्ववत होत नाही. पण हा भाग थोडाच असतो. ताटभर भात गार केला म्हणून वाटीभराचा होत नाही.

ज्या तांदळात अमायलोज जास्त, त्याचा भात मोकळा होतो आणि गार झाल्यावर जास्त कडक होतो. चिकट तांदळात अमायलोज कमी. हे तुम्हाला माझ्यापेक्षा हाताला जास्त माहीत असेल.

धंद्याच्या दृष्टीने मात्र सांभाळा. शिजलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवून सकाळी डब्यात देऊ नका. त्यात उकळीतूनही टिकणारे बीजाणू असलेला एक जिवाणू वाढतो, आणि त्याने तयार केलेलं उलटीचं विष परत गरम करूनही जात नाही. गार करायचाच तर पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रीजमध्ये.

पॅथॉलॉजीवाली (नेरूळ)

सरांनी जोडांचं छान सांगितलं, मी रक्तातलं सांगते. आमच्याकडे रोज सकाळी उपाशीपोटी साखर तपासायची रांग असते. १०० मिलिग्रॅम (दर १०० मिलिलिटर रक्तामागे) रिपोर्ट आला म्हणजे शरीरातल्या साधारण पाच लिटर रक्तात ग्लुकोज किती? पाच ग्रॅमच्या आसपास, सपाट चमचाभर. एवढ्यावर सगळा कारभार. तुमच्या डब्यातला भात त्याच्या कितीतरी पट ग्लुकोज आणतो, आणि तरी दोन तासांत आकडा जागेवर येतो, हे इन्शुलिनचं काम.

साखरेसाठी आम्ही रक्त करड्या झाकणाच्या नळीत घेतो, लोक विचारतात वेगळी नळी कशाला. त्या नळीत फ्लोराइड असतं. लाल पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, नसतात, त्यांना ऊर्जेसाठी ग्लुकोजशिवाय दुसरं काही चालत नाही, आणि रक्त काढलं म्हणून त्या जेवायच्या थांबत नाहीत. साध्या नळीत तासाला ५ ते ७ टक्के ग्लुकोज त्याच फस्त करतात. फ्लोराइडने ते थांबतं, पण लगेच नाही, पहिला तासभर तरी घट चालूच राहते. म्हणून उरणकडून येणारा नमुना उन्हात बाइकच्या डिकीत अडकून पडला की मला धास्ती असते. बर्फाची पिशवी लावून पाठवा म्हणून मी ओरडते आणि पोरं माझ्यावर हसतात.

तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, तीसुद्धा सरांच्या कड्याशी जोडलेली आहे. रक्तातलं ग्लुकोज जवळजवळ सगळं कड्याच्या रूपात असतं, पण अगदी किंचित भाग क्षणभर उघडा असतो. उघडं असताना त्याचा आल्डिहाइड गट हिमोग्लोबिनला चिकटतो आणि मग सुटत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढा काळ हे चिकटणं साठत जातं. साखर जास्त राहिली तर जास्त चिकटते. म्हणून आदल्या दिवशी उपास करून आलेला माणूस उपाशीपोटीच्या आकड्याला फसवू शकतो, याला नाही. मात्र ज्यांच्या लाल पेशी लवकर मरतात किंवा ज्यांना नुकतंच रक्त चढवलंय, त्यांच्यात हा आकडा भरवशाचा नसतो.

आणि कार्ब म्हणजे नुसतं इंधन नव्हे. तुमचा रक्तगट म्हणजे लाल पेशीवर बाहेर आलेली साखरेची छोटी शेपटी आहे. तिच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर असली की तो एच पदार्थ झाला. त्यावर गॅलॅक्टोज चढलं की बी गट, गॅलॅक्टोजचाच नायट्रोजनवाला भाऊ चढला की ए गट, दोन्ही असले की एबी, आणि काहीच चढलं नाही तर ओ. आता ज्यांच्यात ती फ्युकोजच बसत नाही त्यांचं काय? अशी माणसं पहिल्यांदा आपल्या मुंबईत सापडली, डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली ते प्रसिद्ध केलं, म्हणून त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. साध्या तपासणीत हा गट ओ दिसतो. पण त्यांच्या रक्तात एच विरुद्धच प्रतिद्रव्यं असतात, त्यामुळे ओ रक्तही त्यांना चालत नाही, फक्त बॉम्बेच. आम्ही म्हणूनच उलट बाजूनेही तपासतो, माणसाचा सिरम (पेशी काढून उरलेलं रक्तातलं पाणी) ओ पेशींवर टाकून. तिथे गुठळी दिसली की कान टवकारतात. एक साखर कमी पडली तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं, आणि लोक म्हणतात कार्ब म्हणजे भात.

डीएनएच्या कण्यातही साखरच आहे, पाच कार्बनची. पण ते तुमच्या लेकीच्या पुस्तकात असणार.

दिवाळेकर (बेलापूर)

मी शास्त्रातला माणूस नाही, दिवाळ्याच्या कोळीवाड्यातला. चिंबोरीचं कवचही कार्ब आहे असं कुठेतरी वाचलं होतं, ते खरं का? ते तर दगडासारखं असतं, नांगी फोडायला वरवंटा लागतो. पण कात टाकलेली चिंबोरी हातात घेतली की एकदम मऊ, कागदागत. मग तो कार्ब जातो कुठे?

जुनी परीक्षानळी (नौपाडा, ठाणे)

दिवाळेकर, प्रश्न फर्मास. ते कायटिन. सेल्युलोजचीच सरळ साखळी, जोडही बीटा, पण प्रत्येक कड्याच्या दुसऱ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलच्या जागी एक नायट्रोजनवाला गट लावलेला. त्याने शेजारच्या साखळ्या आणखी घट्ट धरल्या जातात. कोळंबीची सालं, झुरळाचे पंख, आळंब्यांच्या पेशींच्या भिंती, सगळीकडे तेच. पण वरवंटा लागतो तो नुसत्या कायटिनमुळे नाही. चिंबोरीच्या कवचात कायटिन आणि प्रथिनांच्या जाळीत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचा पदार्थ, भरलेला असतो. कात टाकल्यावर नवी जाळी असते, चुना अजून भरायचा असतो, म्हणून ती कागदागत लागते. कार्ब गेला नाही, चुना यायचाय.

खाऊन झाल्यावर एक नांगीचं कवच पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मधून मधून व्हिनेगर बदला. बुडबुडे येतात, चुना विरघळून जातो, आणि शेवटी आकार तसाच पण वाकवता येणारं चिवट कवच हातात राहतं. ती जाळी. सांधेदुखीला जी ग्लुकोसामाइनची गोळी देतात, तीही बरेचदा अशाच कवचांपासून करतात. गोळीने गुडघ्याला किती फरक पडतो यावर डॉक्टरांचं एकमत नाही, माझ्या गुडघ्यांचंही नाही.

डबेवाली (कोपरखैरणे)

सर, मी लेक लिहितेय, आईच्या आयडीवरून. प्रॅक्टिकलला बेनेडिक्ट टेस्ट (निळ्या द्रावणाने साखर ओळखायची) केली. ग्लुकोजने विटकरी रंग आला, फ्रुक्टोजनेही आला, पण साध्या साखरेने निळाच राहिला. साखरेत ते दोन्ही आहेत, मग का नाही आला? मॅडम म्हणाल्या नॉन-रिड्युसिंग, लिहून टाका.

जुनी परीक्षानळी (नौपाडा, ठाणे)

लिहून टाक, पण कारणासकट. बेनेडिक्टमधल्या निळ्या कॉपर आयनला इलेक्ट्रॉन देऊन विटकरी कॉपर ऑक्साइड करायचं काम उघडलेलं कडं करतं. ग्लुकोजचं कडं पहिल्या कार्बनपाशी उघडतं, फ्रुक्टोजचं दुसऱ्यापाशी. साखरेत या दोघांनी नेमके तेच कार्बन एकमेकांत अडकवलेत. दोन्ही दारं आतून बंद, कुणीच उघडत नाही. माल्टोजमध्ये एका ग्लुकोजचं पहिलं कार्बन मोकळं राहतं म्हणून ती टेस्ट देते, लॅक्टोजही देते.

पुढच्या प्रॅक्टिकलला मॅडमना विचारून हे कर. साखरेच्या द्रावणात विरळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थोडे थेंब घालून पाच-दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेव. जोड तुटतो. मग खायचा सोडा चिमटी-चिमटीने टाक, फसफस थांबेपर्यंत. हे विसरू नकोस, बेनेडिक्टला अल्कधर्मी द्रावण लागतं, ॲसिड शिल्लक राहिलं तर घोटाळा. आता बेनेडिक्ट घालून तापव. विटकरी येईल.

फ्रुक्टोज किटोन असूनही, म्हणजे त्यात ग्लुकोजसारखा आल्डिहाइड गट नसूनही, टेस्ट का देतं, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. उत्तर : त्याच अल्कधर्मी द्रावणात त्याचं काही अंशी ग्लुकोज आणि मॅनोजमध्ये रूपांतर होतं. दोघांत फरक करायचा असेल तर सेलिवानॉफ टेस्ट, रिसॉर्सिनॉल आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड. फ्रुक्टोज लवकर लाल होतं, ग्लुकोजला बराच वेळ लागतो. ओसाझोन टेस्टने, म्हणजे साखरेचे स्फटिक पाडून बघण्याने, फरक कळणार नाही, दोघांचे स्फटिक सारखेच सुयांसारखे येतात, कारण ती अभिक्रिया पहिल्या दोन कार्बनांवर होते आणि त्यांच्यातला फरक तेवढ्यातच आहे.